काट्याला न कळलेली गोष्ट

१९६८-६९ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात डॉक्टरांच्या एका गटाने १,४६२ बायकांना तपासणीसाठी बोलावलं. वय ३८ ते ६०. म्हणजे कुणाची पाळी अगदी नियमित, कुणाची मागेपुढे व्हायला लागलेली, कुणाची बंद होऊन दहा वर्षं झालेली. डॉक्टरांनी रक्त घेतलं, रक्तदाब पाहिला, उंची-वजन मोजलं, सिगारेट ओढता का ते विचारलं. आणि शिंपी लावतो तशी टेप लावून कंबरेचा आणि नितंबांचा घेरही लिहून ठेवला. मग पुढची बारा वर्षं या बायकांच्या तब्येतीच्या नोंदी होत राहिल्या.

१९८४ मध्ये त्याचा निकाल 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आला. हार्ट अटॅक कुणाला येईल याचा अंदाज देण्यात शरीराच्या सगळ्या मापांमध्ये एक माप सरस ठरलं होतं. कंबरेच्या घेराला नितंबांच्या घेराने भागून येणारा आकडा. वय, सिगारेट, कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि बीएमआय हे सगळं हिशेबात धरल्यावरही हे नातं टिकून होतं. साध्या भाषेत, एकाच वजनाच्या दोन बायकांमध्ये जिची चरबी पोटाभोवती साठली होती, तिच्या हृदयाला धोका जास्त होता.

याला आता चाळीस वर्षं होऊन गेली. तरी आजही पन्नाशीची बाई दवाखान्यात गेली की तिला आधी काट्यावर उभं करतात. टेप क्वचितच बाहेर निघते. असं का, हे शोधायला गेले तर मला दोनशे वर्षं मागे जावं लागलं. आणि वाटेत बराच काळ भलत्याच प्रश्नावर भांडण चाललेलं दिसलं.

शिंप्याला आधी कळतं

मी हे वाचायला लागले ते आईमुळे. आई ५४ वर्षांची आहे. तिची पाळी ४७व्या वर्षी गेली. तेव्हापासून तिचं वजन ५८ आणि ५९ किलोच्या मध्येच आहे. दर वर्षी तपासणीला गेली की डॉक्टर काट्याकडे बघून म्हणायचे, "वजन छान ठेवलंय ताई." दोन वर्षांपूर्वी साखरेच्या तपासणीत एचबीए१सी ६.२ आलं. मधुमेह नाही, पण त्याच्या उंबरठ्यावर. आईला धक्का बसला. "वजन तर तेवढंच आहे ना गं माझं?" ती मला विचारत राहिली.

वजन तेवढंच होतं. पण त्याच सात वर्षांत तिने बहुतेक सगळे ब्लाउज शिंप्याकडून सोडवून आणले होते. साडीला माप नसतं, ती कुणालाही बसते. परकराची नाडी सैल केली की झालं. माप असतं ते ब्लाउजला. म्हणून चांगला शिंपी आतल्या बाजूला थोडं जास्तीचं कापड ठेवतो. त्याला म्हणतात माया. बाईचं अंग बदलणार हे त्याने गृहीत धरलेलं असतं. आईच्या ब्लाउजांमधली माया संपत आली होती, आणि काटा जागचा हलला नव्हता.

हे कसं होतं याचं शास्त्रीय उत्तर आज आपल्याकडे आहे. पण ते मिळायला इतका वेळ का लागला, ही गोष्ट उत्तराइतकीच महत्त्वाची आहे.

शब्द आला, मग गोळी आली

पाळी जाते हे जगभरातल्या लोकांना कायमच माहीत होतं. सुश्रुतसंहितेत पाळी बाराव्या वर्षी सुरू होते आणि पन्नाशीला थांबते असं नोंदवलेलं आहे. तिथे ते म्हातारपणाकडे जाण्याचा एक टप्पा म्हणून येतं, आजार म्हणून नाही. युरोपात डॉक्टर याला 'अवघड वय' म्हणायचे. 'मेनोपॉज' हा शब्द घडवला गार्दान नावाच्या एका फ्रेंच डॉक्टराने. १८१६ मध्ये त्याने त्याचं एक जरा ओबडधोबड रूप वापरलं आणि १८२१ मध्ये आज आपण वापरतो तो शब्द पुस्तकाच्या नावातच घातला. महिना आणि थांबणं या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांची ही जोडणी.

शब्द मिळाला की त्यावर उपाय शोधणारेही येतात. १९२९ मध्ये अमेरिकेत एडवर्ड डॉइझी आणि जर्मनीत अडॉल्फ ब्यूटेनांट यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे, गरोदर बायकांच्या लघवीतून एक इस्ट्रोजेन शुद्ध रूपात वेगळं काढलं. अंडाशयातून येणारा हा हॉर्मोन आता बाटलीत भरता येणार होता. अडचण एवढीच की तो पुरेसा मिळवायचा कुठून? उत्तर तबेल्यात सापडलं. गाभण घोडीच्या लघवीत इस्ट्रोजेन भरपूर असतं. त्यापासून बनवलेली 'प्रेमारिन' ही गोळी १९४१ मध्ये कॅनडात आणि १९४२ मध्ये अमेरिकेत बाजारात आली. 'प्रेग्नंट मेअर्स युरिन' या तीन इंग्रजी शब्दांचे तुकडे जोडून हे नाव केलं होतं.

अंगातून निघणाऱ्या गरम वाफा, रात्रीचा घाम, उडालेली झोप यांवर ही गोळी खरोखर काम करायची, आजही करते. पण १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉबर्ट विल्सन या स्त्रीरोगतज्ज्ञाने 'फेमिनिन फॉरेव्हर' नावाचं पुस्तक लिहिलं आणि गोष्ट वेगळीकडे गेली. विल्सनचं म्हणणं, रजोनिवृत्ती हा मधुमेहासारखाच एक कमतरतेचा आजार आहे. मधुमेहात इन्सुलिन कमी पडतं, इथे इस्ट्रोजेन. ते भरून काढलं की बाई तरुण, आकर्षक आणि नवऱ्याला हवीशी राहील. पुस्तक धडाधड खपलं. विल्सनचा खर्च गोळी बनवणाऱ्या कंपनीने उचलला होता, असं त्याच्या मुलानेच पुढे २००२ मध्ये वर्तमानपत्राला सांगितलं.

विल्सनच्या पुस्तकाने एक सवय लावून दिली. पन्नाशीच्या बाईचं शरीर हा दिसण्याचा विषय झाला. पोट सुटणं म्हणजे रूप जाणं. ते आत, यकृताजवळ आणि आतड्यांभोवती काय करतं याकडे बघायचं कारणच उरलं नाही.

१९७५च्या डिसेंबरात 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये दोन अभ्यास एकाच वेळी आले. नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचं प्रमाण कितीतरी पट जास्त दिसलं होतं. मग इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टिन द्यायला सुरुवात झाली. त्याने अस्तराचं संरक्षण होतं. गोळीचा खप पुन्हा सावरला, आणि आता तिला एक नवं कारण मिळालं होतं. हृदय.

हृदयाचा अभ्यास, पुरुषांवर

अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून एक अभ्यास चालू आहे. पहिल्या फळीत ५,२०९ लोक होते, त्यातल्या निम्म्याहून अधिक बायका. १९७०च्या दशकात या आकड्यांतून दिसलं की एकाच वयाच्या बायकांमध्ये जिची पाळी बंद झाली आहे, तिला हृदयरोगाचा धोका जास्त. तर्क सरळ होता. इस्ट्रोजेन हृदयाला जपत असणार.

यावर संशोधकांनी आधीच एक प्रयोग करून पाहिला होता. कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट नावाच्या मोठ्या चाचणीत, एकदा हार्ट अटॅक येऊन गेलेल्या ८,३४१ रुग्णांना वेगवेगळी औषधं दिली गेली. त्यातलं एक इस्ट्रोजेन होतं. हे सगळे रुग्ण पुरुष होते! मोठ्या डोसच्या गटात हार्ट अटॅक आणि रक्ताच्या गाठी वाढल्या, म्हणून १९७० मध्ये तो डोस थांबवावा लागला. बायकांच्या हॉर्मोनची हृदयावरची पहिली मोठी परीक्षा पुरुषांच्या शरीरावर झाली. नंतरच्या मोठ्या चाचण्यांतही हेच. हृदयासाठी ॲस्पिरिन तपासली गेली ती २२,०७१ डॉक्टरांवर, आणि तेही सगळे पुरुषच होते.

१९९१ मध्ये बर्नाडीन हीली या हृदयरोगतज्ज्ञ अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या प्रमुख झाल्या. त्या पदावरची ही पहिली बाई. त्याच वर्षी 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' जाहीर झाला. ५० ते ७९ वर्षांच्या १,६१,८०८ बायकांचा अभ्यास. हॉर्मोन, आहार, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व असे वेगवेगळे प्रश्न एकाच छपराखाली तपासायचे होते.

९ जुलै २००२ ला त्यातली एक चाचणी मुदतीआधीच थांबवल्याचं जाहीर झालं. १६,६०८ बायका, निम्म्यांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन, निम्म्यांना खोटी गोळी. साडेआठ वर्षांची चाचणी सरासरी ५.२ वर्षांतच थांबली, कारण स्तनाचा कॅन्सर २६ टक्क्यांनी वाढलेला दिसला. हृदयाचं रक्षण होणार होतं तिथे हृदयरोग २९ टक्क्यांनी वाढला होता.

जगभर मथळे झाले. बायकांनी गोळ्या कचऱ्यात टाकल्या. डॉक्टर लिहून देईनासे झाले.

हेच आकडे दुसऱ्या पद्धतीने मांडून बघा. वर्षभर दहा हजार बायकांनी ही गोळी घेतली तर स्तनाच्या कॅन्सरच्या ८, पक्षाघाताच्या ८ आणि हृदयरोगाच्या ७ केसेस जास्त. उलट खुब्याचं हाड मोडण्याच्या ५ आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ६ केसेस कमी. धोका खरा आहे, पण मथळ्यांनी वाटायला लावला तेवढा प्रचंड नाही. शिवाय या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेल्या शरीराला गोळी देणं आणि नुकतीच पाळी गेलेल्या शरीराला देणं यात फरक आहे, हे पुढच्या विश्लेषणांतून स्पष्ट होत गेलं. २०१७ मध्ये अठरा वर्षांचा हिशेब छापला गेला, तेव्हा गोळी घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांच्या मृत्यूच्या प्रमाणात फरक दिसला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने या औषधांवरचे बरेचसे ठळक इशारे काढायचं जाहीर केलं. आज सर्वसाधारण मत असं आहे: त्रास जास्त असेल, वय साठच्या आत असेल आणि स्तनाचा कॅन्सर, रक्ताच्या गाठी यांसारखा इतिहास नसेल, तर डॉक्टरांशी बोलून हॉर्मोन घेता येतात. त्यांनी वजन वाढत नाही. पण वजन उतरवायचं किंवा हृदय सांभाळायचं औषध म्हणून ते घ्यायचे नसतात.

भांडणात हरवलेला प्रश्न

गोळी चांगली की वाईट, या वादात वीसेक वर्षं गेली. त्याच काळात वजनाच्या प्रश्नावर शांतपणे काम चाललेलं होतं, पण त्याचे मथळे झाले नाहीत.

खरं तर सुरुवात खूप आधीची आहे. १९४७ मध्ये मार्सेयच्या जाँ वाग या डॉक्टराने लिहिलं होतं की लठ्ठपणा दोन आकारांचा असतो. एक पुरुषी, चरबी वरच्या अंगाला आणि पोटाला. दुसरा बायकी, चरबी मांड्यांना आणि नितंबांना. मधुमेह आणि रक्तवाहिन्यांचे आजार जातात ते पहिल्यासोबत. त्या वेळी फारसं कुणी लक्ष दिलं नाही. गोथेनबर्गच्या टेपने १९८४ मध्ये त्याचं म्हणणं आकड्यांत मांडून दाखवलं.

मग १९९४ मध्ये अमेरिकेत 'स्वॉन' हा अभ्यास सुरू झाला. ४२ ते ५२ वर्षांच्या ३,३०२ बायका, वेगवेगळ्या वंशांच्या, आणि त्यांच्या मागे वर्षानुवर्षं लागून राहायचं. २०१९ मध्ये त्यातून एक निष्कर्ष आला, तो वाचताना मला आईचे ब्लाउज आठवले. बायकांचं वजन चाळिशीपासून हळूहळू, एकाच चालीने वाढत होतं. पाळी जायच्या वेळी त्या चालीत काहीही वेग आला नाही. पण पाळी जायच्या आधीच्या काळात चरबी साठण्याचा वेग जवळपास दुप्पट झाला, आणि त्याच वेळी स्नायू घटायला लागले. शेवटच्या पाळीनंतर सुमारे दोन वर्षांपर्यंत हे चालू राहिलं.

काटा चरबी आणि स्नायू यांची बेरीज दाखवतो. एक वाढलं, दुसरं घटलं, की बेरीज फार बदलत नाही. म्हणून काट्याला कळत नाही.

आत काय चाललेलं असतं? इस्ट्रोजेन असतं तोवर बाईच्या शरीरात चरबी मांड्या-नितंबांकडे वळते. ते कमी झालं की ती पोटात, अवयवांभोवती साठू लागते. या चरबीतून सुटणारी मेदाम्लं रक्तातून थेट यकृतात पोचतात. यकृत इन्सुलिनला दाद देईनासं होतं. दुसरीकडे जेवणातली बरीचशी साखर ज्या स्नायूंनी शोषून घ्यायची, तेच कमी झालेले. शेवटच्या पाळीच्या आसपासच्या वर्षभरात वाईट कोलेस्टेरॉलही ठळकपणे वाढतं, हेही 'स्वॉन'मध्येच दिसलं. हाडं याच सुमाराला झपाट्याने विरळ होऊ लागतात. रूपाचा प्रश्न म्हणून ज्याकडे पाहिलं गेलं, तो साखर, हृदय आणि हाडं अशा तिघांचा प्रश्न आहे.

"वय झालं की मेटाबॉलिझम मंदावतो" हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. २०२१ मध्ये 'सायन्स'मध्ये एक मोठा अभ्यास आला. २९ देशांतले ६,४००हून जास्त लोक, आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांपर्यंत. शरीराचा आकार आणि स्नायूंचं प्रमाण लक्षात घेतलं तर ऊर्जेचा खर्च विसाव्या ते साठाव्या वर्षापर्यंत जवळजवळ स्थिर असतो, बायकांमध्येही. रजोनिवृत्तीला कुठलंही यंत्र बंद पडत नाही. स्नायू घटतात, हालचाल घटते, झोप मोडते, आणि चरबी आपली जागा बदलते.

मग काही करता येतं का? दोन चाचण्या शेजारी ठेवून बघण्यासारख्या आहेत. 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह'मध्येच ४८,८३५ बायकांची आहाराची चाचणी होती. पाळी गेलेल्या बायकांपैकी एका गटाला तेल-तूप कमी करून फळं, भाज्या, धान्यं वाढवायला सांगितलं. साडेसात वर्षांनी दोन गटांच्या वजनात फरक उरला तो फक्त ०.४ किलोचा, आणि हृदयरोगात लक्षणीय घट दिसली नाही. अर्थात, वजन उतरवणं हा त्या चाचणीचा हेतूच नव्हता.

दुसरी पिट्सबर्गमधली, बरीच लहान. ४४ ते ५० वर्षांच्या ५३५ बायका, पाळी अजून चालू असलेल्या. एका गटाला जेवण थोडं आटोक्यात ठेवायला आणि हालचाल वाढवायला शिकवलं. एकट्याने नाही, गटाने भेटून. साडेचार वर्षांनी, म्हणजे अनेकींची पाळी जायच्या काळात, या गटाचं सरासरी वजन सुरुवातीला होतं तिथेच होतं. काही न शिकवलेल्या गटाचं सुमारे अडीच किलोंनी वाढलं होतं. कंबरेतही फरक होता. सुरुवातीच्या वजनावर किंवा त्याखाली राहिलेल्या बायका पहिल्या गटात ५५ टक्के, दुसऱ्यात २६ टक्के.

अडीच किलो फार वाटत नाहीत. पण या बायकांनी वेळेआधी सुरुवात केली होती, हा मला त्यातला कामाचा भाग वाटतो.

पुणे आणि बीड

हे सगळं गोऱ्यांच्या देशातलं, आपलं काय? आपली गोष्ट जास्त अवघड आहे.

२००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोन शास्त्रज्ञांचा फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीदार. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांच्या अभ्यासातही याज्ञिकांना हेच दिसलं होतं. वजनाला कमी असलेल्या बाळांमध्येही चरबी टिकून होती, कमी पडले होते ते स्नायू.

म्हणजे मराठी बाई रजोनिवृत्तीला पोचते तेव्हा तिच्याकडे स्नायूंची शिल्लक मुळात कमी असते. आणि ती पोचतेही लवकर. पाश्चात्त्य देशांत पाळी सरासरी ५१व्या वर्षी जाते, आपल्याकडे ४६-४७व्या. भारतीय बायकांसाठी कंबरेची मर्यादा म्हणूनच ८० सेंटिमीटर ठरवलेली आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीएमआयच्या हिशेबाने सुमारे २४ टक्के बायकांचं वजन जास्त होतं. टेपच्या हिशेबाने पोटाचा लठ्ठपणा ४० टक्के बायकांना होता. पुरुषांना १२ टक्के. या दोन आकड्यांच्या मधल्या बायकांना, माझ्या आईसारखंच, काट्याने "सगळं ठीक आहे" असं सांगून घरी पाठवलेलं असणार.

आणि मग बीड. 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह'च्या ज्या दुसऱ्या चाचणीत नुसतं इस्ट्रोजेन दिलं गेलं, त्यातल्या सगळ्या १०,७३९ बायकांचं गर्भाशय काढलेलं होतं. ते वाचताना ऊसतोड कामगार बायका डोळ्यांसमोर येतातच. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने पाहणी केली तेव्हा बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळीत कामाचा खाडा नको, मुकादमाचा दंड नको, पोटदुखीची भीती नको. काहींची तर तिशीही उलटलेली नव्हती.

गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढलं तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते. नुसतं गर्भाशय काढलं तरी ती लवकर येऊ शकते. पन्नाशीला जे हाडांचं, हृदयाचं, साखरेचं सुरू होतं, ते तिशी-चाळिशीत सुरू होतं, आणि पुढे तितकी जास्त वर्षं चालतं. अशा बाईला, दुसरी काही अडचण नसेल तर, पाळी जायच्या नेहमीच्या वयापर्यंत हॉर्मोन द्यावेत असं वैद्यकशास्त्र सांगतं. फडावर उसाची मोळी उचलणाऱ्या बाईला हे कुणी सांगितलं असेल? तिच्या आयुष्यात 'व्यायाम करा' या सल्ल्याला अर्थ नाही, कष्ट तिला पुरून उरलेत. तिला हवी आहे ती नियमित तपासणी, पोटभर डाळ-दूध-अंडी, आणि मुळात न केलेलं ऑपरेशन.

टेप कुठे लावायची

हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांची आई आत्ता चाळीस ते पंचावन्न या वयात असेल. म्हणून इतिहासातून जे हाती लागतं ते सरळ लिहिते.

टेप आणा. आईला सरळ उभं राहू दे. सगळ्यात खालची बरगडी आणि कंबरेच्या हाडाची वरची कड, या दोन्हींच्या मधोमध टेप लावा. श्वास सहज सोडल्यावर आकडा वाचा, पोट आत ओढून नाही. ८०च्या वर असेल तर घाबरायचं कारण नाही, पण साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल तपासायचं कारण आहे. वजन बरोबर असलं तरीही. आणि पाळी गेल्यावर पुन्हा कधीही रक्त दिसलं, थोडंसं जरी, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा.

चालणं चांगलंच, पण नुसत्या चालण्याने स्नायू फारसे वाढत नाहीत. आठवड्यातून दोनदा तरी स्नायूंना वजन पेलायला लावायचं. डंबेल, रबरी पट्टा, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या, काहीही. माझ्या आईने जिमला जायला साफ नकार दिला. "या वयात लोक काय म्हणतील?" शेवटी इमारतीतल्या चौघी जणी मिळून गच्चीवर जमायला लागल्या. पिट्सबर्गच्या बायकाही गटानेच भेटत होत्या.

आणि ताट बघा. आपल्या घरांमध्ये बाई शेवटी जेवते, आणि तेव्हा भात असतो, आमटीतली डाळ तळाला गेलेली असते. उपवासाला साबुदाणा आणि बटाटा. पोट भरतं, प्रथिनं मिळत नाहीत. उसळ, डाळ, दही, पनीर, अंडी, मासे यातलं जे घरात चालतं ते तिच्या ताटात प्रत्येक जेवणाला हवं. आधी वाढून घेतलेलं. हे तिला सांगून होत नाही, वाढणाऱ्याला करावं लागतं. स्वयंपाकघरात तुम्ही उभे राहिलात तर होईल.

आईच्या साखरेचा आकडा गेल्या तपासणीत ५.९ आला. वजन ५८.५. कंबर ८६वरून ८३वर आली आहे, म्हणजे अजून तीन सेंटिमीटर बाकी आहेत. पुढची तपासणी मार्चमध्ये आहे.